अपघातग्रस्त कामगार आणि त्याची संघटना

यंत्राखाली कामगाराची तर्जनी तुटते तेव्हा यंत्र थोडा वेळ थांबते. त्याचा संसार मात्र दीर्घकाळ खोळंबतो. अशा कामगारासाठी भारतात 1923 साली नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला व 1 जुलै 1924 पासून तो अमलात आला. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळावी, हे तत्त्व त्याने रूढ केले. त्याच्या अनुसूचीत शरीराच्या हानीचे मोल टक्क्यांनी मांडले होते. अंगठा गेल्यास मिळकतीच्या क्षमतेत 30 टक्के घट, तर्जनी गेल्यास 14, दोन्ही हात गेल्यास 100.

परंतु तक्ता छापील असला, तरी भरपाई आपणहून दारी येत नाही. अपघाताची सूचना लेखी द्यावी लागे. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागे. रुग्णालयात पडलेल्या माणसाला हे कसे साधावे? संघटनेचे खरे कार्य येथे सुरू होते. साक्षीदारांची नावे वेळीच टिपणे, हजेरीची व वेतनाची कागदपत्रे गोळा करणे, वैद्यकीय दाखला मिळवणे, ही कामे तिचे कार्यकर्ते करतात. कामगाराने यंत्राचे संरक्षक कवच बुद्ध्याच काढले, असा आक्षेप मालकाला घेता येत असे. ते कवच उत्पादन वाढावे म्हणून वरिष्ठांच्या संमतीनेच काढलेले असेल, तर ही गोष्ट सहकाऱ्यांवाचून कोण सांगणार? आणि एकेकटा सहकारी नोकरीच्या भयाने गप्प बसतो. संघटित असला तरच बोलतो.

कायद्याच्या 24 व्या कलमाने नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्याला, लेखी अधिकारपत्र असल्यास, कामगाराच्या वतीने आयुक्तांपुढे उपस्थित राहण्याची मुभा दिली. अडलेल्या कामगाराकडून हक्क सोडल्याचा कागद लिहून घेतला, तरी 17 व्या कलमाने तो रद्दबातल ठरे. मात्र ही गोष्ट त्याला कोणीतरी सांगावी लागे. खटला चालू असताना चूल पेटती राहावी, म्हणून 1926 च्या कामगार संघ कायद्याने अपघातग्रस्त सभासदांना संघाच्या निधीतून भत्ता देण्यास परवानगी दिली.

24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे राज्य विमा योजना सुरू झाली आणि विमा उतरवलेल्या कामगारांच्या भरपाईचा भार विमा निगमाकडे गेला. पुढे भरपाईचा व विम्याचा असे दोन्ही कायदे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाले. तरीही ज्याचे नाव हजेरीपत्रकातच नाही, अशा कंत्राटी मजुराला आपण कोणाचे कामगार आहोत, हेच प्रथम सिद्ध करावे लागते. अशा मजुराला सभासद करून घेणे, हे संघटनेचे अपघातापूर्वीचे कर्तव्य होय.