२२ माणसांची कंपनी

(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. बोलताना सुटलेले काही तपशील लिहिताना भरले आहेत.)



आपल्या बैठकांत आपण बहुधा तिकडच्या प्रश्नांवर बोलतो. पाणी, शाळा, शेतीमालाचे भाव, अंधश्रद्धा. त्यासाठी चेकही लिहितो, आणि ते चांगलंच आहे. पण आठवड्यातले पन्नास तास आपण जिथे काढतो त्या ऑफिसबद्दल इथे सहसा कोणी बोलत नाही. जणू समता आणि विवेक हे विषय ऑफिसच्या पार्किंग लॉटपाशी संपतात! म्हणून मी संयोजकांना म्हटलं, या वेळी मला माझ्या एका जुन्या नोकरीवर बोलू द्या.

२०११ ते २०१५ मी बे एरियातल्या एका लहान कंपनीत होतो. नाव सांगत नाही, आणि कंपनी आता उरलेलीही नाही. माणसं बावीस, त्यांतले इंजिनियर नऊ. दवाखान्यांत लशी ठेवायचे फ्रीज असतात, त्यांचं तापमान मोजून इंटरनेटवर पाठवणारी छोटी डबी आम्ही बनवत होतो. फ्रीजमधल्या लशी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. तापमान वर गेलं की त्या बिघडतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण काही लशी गोठल्या तरी निकामी होतात, आणि बाटलीकडे बघून ते नेहमी कळत नाही. म्हणून त्या नोंदीला महत्त्व. नोंद खोटी असण्यापेक्षा नोंद नसलेली बरी.

आमचे मालक हुशार होते, हे आधी सांगतो. दुष्टही नव्हते. दिवाळीला स्वतः मिठाईचा डबा घेऊन यायचे. पण सोमवारी ठरलेलं बुधवारी मोडायचं, कारण मंगळवारी ते कोणातरी गुंतवणूकदाराबरोबर जेवलेले असत. सेल्सचा माणूस नसलेली गोष्ट विकून यायचा आणि शुक्रवारपर्यंत ती आम्ही करायची. लेखी काही नाही. सॉफ्टवेअर ज्या एका मशीनवर तयार व्हायचं ते एकाच्या टेबलाखाली होतं आणि त्याचा पासवर्ड त्या एकालाच माहीत. तो सुट्टीवर गेला की कंपनीही सुट्टीवर. दोनदा पगार उशिरा झाला, एकदा नऊ दिवस. "आपण इथे एक कुटुंब आहोत" हे वाक्य त्या आठवड्यात फार ऐकू आलं.

आणखी एक अभिमानाची गोष्ट म्हणजे आमच्याकडे हुद्दे नव्हते. सगळे सारखे! आपल्यासारख्या पुरोगाम्यांना हे ऐकायला गोड वाटतं, म्हणून मुद्दाम सांगतो. हुद्दे नसले म्हणून सत्ता नाहीशी होत नाही. ती फक्त दिसेनाशी होते. नाही म्हणायचा अधिकार कोणाचा, हे कागदावर नसेल तर तो अधिकार मालकाचाच राहतो, आणि चुकलं तर जबाबदारी मात्र सगळ्यांची.

आता मुख्य गोष्ट. एका मोठ्या गिऱ्हाइकाला डेमो द्यायचा होता. वीज गेली की आमच्या आलेखात खंड दिसे. मालक म्हणाले, हे वाईट दिसतं, रेष सलग करा. एकाने दोन तासांत तसं केलं: नोंद नसेल तिथे शेवटचा आकडा पुढे ओढायचा. डेमो छान झाला. पण डेमोचं सॉफ्टवेअर आणि दवाखान्यांत जाणारं सॉफ्टवेअर वेगळं ठेवायची पद्धतच नव्हती. ते तसंच बाहेर गेलं. म्हणजे रात्री वीज गेली, फ्रीज तापला, तरी सकाळी नर्सला दिसणार रात्रभर साडेचार अंश.

हे सापडलं आमच्या टेस्टिंगच्या बाईंना. फिलिपीन्सच्या, पन्नाशीच्या, आधी वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत पंधरा वर्षं काढलेल्या. त्यांनी प्लग काढून डबी तीन तास ठेवली आणि आलेख छापून टेबलावर आणून ठेवला. पुढच्या आवृत्तीवर सही करायला त्यांनी नकार दिला. दुसऱ्या शुक्रवारी त्यांना काढलं. कारण दिलं, "टीमशी जुळत नाही".

आम्ही एक पत्र लिहिलं. दोनच मागण्या: खंड खंडासारखा दाखवा, आणि ज्यांच्याकडे यंत्रं आहेत त्यांना कळवा. नवांपैकी सहांनी सह्या केल्या. राहिलेले तिघेही एच-१बी वर होते. त्यांतला एक नांदेडचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, मला लंच रूममध्ये गाठून म्हणाला, "दादा, माझं पर्म अजून फाइल व्हायचंय. बायको आत्ताच आलीये. मला सही मागू नका." मी मागितली नाही. त्या वेळी नोकरी गेली तर हातात एकही दिवस नसे. ६० दिवसांची सवलत जानेवारी २०१७ पासून आली. मी स्वतः तोवर सिटिझन झालो होतो. माझ्या सहीला लागलेली शाई स्वस्त होती, त्याची महाग. त्या मुलाने रात्री बसून दुरुस्ती मात्र लिहिली, टेस्टसकट, आणि आमच्या पत्राबरोबर ती तयार ठेवली. त्यामुळे "वेळ नाही" हे कारण मालकांना देता आलं नाही.

पहिली मागणी तीन दिवसांत मान्य झाली. दुसरीला दोन महिने लागले. एका दवाखान्याच्या स्वतःच्या थर्मामीटरचा आकडा आमच्याशी जुळेना, तेव्हा कुठे सगळ्यांना पत्रं गेली. बाईंना परत घेतलं नाही. पण कॅलिफोर्नियात काढून टाकलेल्या माणसाचा सगळा पगार, साठलेल्या रजेसकट, त्याच दिवशी द्यावा लागतो. मुद्दाम उशीर केला तर दर दिवसाला एक दिवसाचा पगार दंड, तीस दिवसांपर्यंत. कंपनीने अडीच आठवडे लावले होते. त्यांनी लेबर कमिशनरकडे अर्ज केला, वकील न करता, आणि दंडासकट पैसे वसूल केले. मला तो दिवस अजून आवडतो.

इथून जवळच, माउंटन व्ह्यूमध्ये, विल्यम शॉकलीची प्रयोगशाळा होती. १९५६ चं नोबेल मिळालेला माणूस, आणि मॅनेजर म्हणून भयंकर. एका बाईच्या अंगठ्याला काहीतरी टोचलं, तर कटाचा संशय घेऊन लोकांची लाय डिटेक्टरने तपासणी करायला निघाला. (पुढे तो वंशश्रेष्ठतेचा प्रचारक झाला.) १९५७ मध्ये त्याचे आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर काढली. त्यांतल्या दोघांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. कॅलिफोर्नियात प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचा करार १८७२ पासून निरर्थक आहे, त्यामुळे इथे असं उठून जाता येतं. वाईट मालकाचा या खोऱ्यातला पारंपरिक उपाय हाच. पण आपल्या नांदेडच्या मुलाला तो बंद होता. ग्रीन कार्डाच्या रांगेत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भारतीयांसाठी ती रांग वर्षानुवर्षांची आहे. रांगेतला माणूस फार काम करतो, कमी बोलतो. हे मालकांना कळतं. आमच्या मालकांना तर चांगलंच कळत होतं, तेही कधीकाळी एच-१ वरच आले होते.

शेअर्सचं थोडक्यात सांगतो, कारण दर वेळी कोणीतरी विचारतं. गुंतवणूकदारांनी १ कोटी २० लाख डॉलर घातले होते, कंपनी ९० लाखांना विकली गेली. त्यांचे शेअर प्रेफर्ड, त्यांचे पैसे आधी. आमच्या वाट्याला शून्य. चार वर्षं कमी पगारावर काढलेल्यांना हे हिशेबाच्या दिवशी कळलं. ऑफर लेटर घेताना टक्केवारी आणि प्रेफरन्स दोन्ही विचारा. उत्तर देताना समोरचा खुर्चीत हलला तर तेही उत्तरच.

व्हिसावरच्या लोकांसाठी दोन गोष्टी. काम नाही म्हणून एच-१ वाल्याचा पगार थांबवता येत नाही, १९९८ पासून तसा कायदा आहे. तक्रार लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर विभागाकडे, बारा महिन्यांच्या आत. आणि सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलायला १९३५ च्या कायद्याने संरक्षण आहे, युनियन असो वा नसो. मॅनेजरांना ते नाही. सगळ्यांनी एकमेकांना आकडे सांगितले तेव्हा आमच्या कंपनीत कळलं की सर्वांत कमी पगार त्याच तिघांचा होता.

नांदेडचा मुलगा आता ऑस्टिनला आहे. रांग अजून संपलेली नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. सध्याच्या नोकरीबद्दल विचारायचं असेल तर त्यावर लिहा, कंपनीचं आणि तुमचं नाव घालू नका. मी वाचून चिठ्ठ्या इथेच फाडणार आहे.