पोरींची बॅच

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'युवक आणि स्वसंरक्षण'. युवक म्हणजे पोरं. पोरी मागं सतरंजीवर बसल्यात, त्यांना कुणी धरलंच नाही. म्हणून मी त्यांच्यावरच बोलणार आहे.

समाजमंदिरात मी नऊ वर्षं कराटे शिकवतो. तेरा-चौदाची पोरं येतात ती पिक्चर बघून. आधीच्या पिढीनं ब्रूस लीचा १९७३ चा 'एंटर द ड्रॅगन' बघून दांडक्यांना साखळी ठोकली, नानचाकू केले. आजचं पोरगं मोबाइलवर पिंजऱ्यातली मारामारी बघून येतं. पहिल्याच दिवशी विचारतं, सर, उडी मारून लाथ कधी? पोरगी असं विचारत नाही. क्लास सुटल्यावर ती रेंगाळते, हळूच म्हणते, सर, मागून कुणी दंड धरला तर? पोराला लाथ मारायचीय, पोरीला हात सोडवायचाय. हा फरक रक्तातला नाही. एसटीच्या गर्दीत कोण कुणाच्या अंगाला घासून जातं, त्यातला आहे. (सगळ्याच पोरी तशा नसतात. एक होती, तिला नुसती फाइट पाहिजे. नाक फुटलं तरी हसायची.)

पुढारी म्हणतात, पोरींना इंटरेस्टच नाही, दोन महिन्यांत गळतात. अहो, क्लास संध्याकाळी सहाला. नळाला पाणी येतं तेही सहाला. हंडा कोण उचलतं, तुम्ही? एक वर्ष मी क्लास सकाळी सहाला घेतला. पोरी टिकल्या, पोरंच उठेनात! पाच उरली. तेव्हा कुणी म्हटलं नाही, पोरांना इंटरेस्ट नाही म्हणून. वेळ मात्र परत संध्याकाळची झाली.

आणि दार कुणी लावलं तेही बघा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची कुस्ती १८९६ ला, बायकांची २००४ ला. ज्यूदो पुरुषांना १९६४, बायकांना १९९२. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून, बायकांची पहिली सांगलीत झाली २०२३ ला. बासष्ट वर्षं! साला, आत येऊ द्यायचं नाही आणि वर म्हणायचं, यांना आवडच नाही. शाळेच्या बाहेर बसवलेल्या आपल्या बापजाद्यांबद्दल हेच बोललं जात होतं. लहुजी वस्तादांच्या तालमीत जोतीराव दांडपट्टा शिकले, हे आपण छाती फुगवून सांगतो. आणि आपल्या तालमीच्या उंबऱ्यावर पोरींना उभं करतो.

मागच्या महिन्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एका पोरीनं धरलेलं मनगट सोडवलं, त्यात समोरच्याचं बोट मोडलं. गावातला कुणी असता तर आपण तिची मिरवणूक काढली असती. तो निघाला आपलाच, मोर्चात पुढं घोषणा देणारा. कमिटीनं काय केलं? पोरींची बॅच 'तूर्त स्थगित'. त्याला साधी विचारणा नाही. का रे बाबांनो? मनगट धरणाऱ्याची जात विचारून पोरीनं डाव टाकायचा काय?

मीसुद्धा त्या ठरावावर सही केली. क्लासच बंद पडेल म्हणून भ्यालो. ती सही आज सगळ्यांदेखत मागं घेतो.

चावी माझ्याकडं आहे. सोमवारी सकाळी सहाला समाजमंदिर उघडतो. त्या पोरीला निरोप दिलाय, नव्या पोरींना तो डाव तिनंच दाखवायचा. कमिटीला कुलूप बदलायचं असेल तर रविवारी रात्रीपर्यंत बदला.