निकाल लागल्यावर सगळेच शहाणे

२००८. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना. दोन मिनिटं उरली होती आणि मेम्फिस ९ गुणांनी पुढे. मग त्यांचे फ्री थ्रो हुकू लागले. तीन गुणांनी मागे असलेल्या कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सनं २.१ सेकंद उरले असताना तीन गुणांचा बास्केट केला. बरोबरी, जादा वेळ, आणि कॅन्सस ७५-६८ नं विजेते!

लोक मेम्फिसचे प्रशिक्षक कॅलिपारींवर तुटून पडले. मुद्दाम फाउल का केला नाही? केला असता तर समोरच्याला दोनच फ्री थ्रो मिळाले असते. कॅलिपारींनी सांगितलं, फाउल करायचंच ठरलं होतं. ते जमलं नाही. म्हणजे बेत बरोबर, अंमल फसला.

फौजेत मीही हेच केलंय. एका सरावात तुकडी उशिरा पोहोचली. मी तरुण कॅप्टनला वाट चुकीची निवडली म्हणून सर्वांदेखत झापलं. सीओ साहेबांनी मला एवढंच विचारलं, "नदीला पाणी वाढलंय, हे निघताना त्याला माहीत होतं का?" नव्हतं. मलाही नव्हतं. त्याची माफी मागायची मात्र राहूनच गेली.

चूक जरूर शोधा. पण आधी स्वतःला विचारा: त्या क्षणी, तेवढ्याच माहितीवर, मी काय केलं असतं? जय हिंद.