संगणकाची स्मृति आणि वैशाखाचें ऊन



धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत जुनीं दप्तरें जतन करून ठेविलेलीं आहेत. असे कागद चाळणारास एक गोष्ट पक्की ठाऊक असते : घाईनें केलेल्या नकलेंतील चूक ओरडून सांगत नाहीं. कारकुनानें ‘सात’च्या जागीं ‘साठ’ लिहिलें, तरी पान तितकेंच सुबक दिसतें. घरच्या संगणकाचा वेग वाढविण्याच्या नादास लागलेल्या तरुणांनीं हें आरंभींच ध्यानांत घ्यावें; कारण संगणकाची स्मृति, बाजारांत जिला रॅम म्हणतात ती, पुष्कळदां अशीच गुपचूप चुकते.

प्रोसेसर कारखान्यानें नेमून दिलेल्यापेक्षां अधिक वेगानें चालविणें, यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा नाद नवा नव्हे. १९९८ सालीं इंटेलचा सेलेरॉन ३००ए निघाला. मदरबोर्डावरील बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला कीं ३०० चा हा प्रोसेसर ४५० नें धावूं लागे. परंतु त्या काळीं स्मृतीही बहुधा त्याच बसला जुंपलेली असे. जिला तो वेग झेपत नसे ती गडबडे, आणि दोष मात्र प्रोसेसरच्या माथीं बसे. आज गुणक मोकळा असलेल्या प्रोसेसरांत दोहोंचे वेग निरनिराळे ठरवितां येतात. सोय झाली, तशी निवडीची जबाबदारीही आली.

जळगांवकडील एखादा जिनिंग कारखाना डोळ्यांपुढें आणावा. रेचा कितीही जोरानें फिरला, तरी कपाशीच्या गाड्या वेळेवर न आल्यास तो रिकामाच फिरणार. प्रोसेसर हा रेचा, आणि स्मृति म्हणजे गाड्या. तेव्हां वेगवान स्मृति हवी, हें खरें. पण दुकानांतील मोठ्या आंकड्यास भुलूं नये. डीडीआर४ च्या पट्टीवर ३२०० असा वेग लिहिलेला असतो आणि शेजारीं सीएल १६. हा दुसरा आंकडा म्हणजे मागणी केल्यापासून माल हातीं पडेपर्यंत जाणारे ठोके. त्यास २००० नें गुणून वेगानें भागलें कीं विलंब नॅनोसेकंदांत निघतो. ३२०० व १६ यांचा विलंब १०. ३६०० व १८ यांचाही १०च. गाड्या अधिक येतील, पहिली गाडी मात्र लवकर यावयाची नाहीं. मॅट्रिकच्या मुलास सुटेल असें हें गणित, पण खरेदीच्या वेळीं तें कोणी करीत नाहीं.

प्रोसेसरच्या पोटांत स्मृतीशीं देवघेव करणारा एक नियंत्रक असतो, त्यालाही मर्यादा असते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेंत ३६०० च्या आसपासची स्मृति अंतर्गत दुव्याशीं एकास एक पावलानें चालते. फार वर गेल्यास नियंत्रक निम्म्या पावलावर उतरतो व विलंब वाढतो. महाग पट्टी घेऊन काम मंदावल्याचा उलटा प्रकार यामुळेंच घडतो. रायझन ७००० साठीं डीडीआर५ ची ६००० ही तशीच सोयीची जागा समजतात. कंपनीची हमी मात्र ५२०० पर्यंतच आहे, पुढें प्रत्येक नग आपल्या नशिबाचा. बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्स्पो ही तयार निवड बहुधा या हमीच्या पलीकडचीच असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

म्हणून प्रथम स्मृति साध्या वेगावर ठेवून प्रोसेसर स्थिर करावा, मग स्मृति पायरीपायरीनें चढवावी. दोन्ही एकदम वाढविलीं तर बिघाड कोणाचा, हें हुडकण्यांत आठवडा जातो. पत्रें व हिशेब एवढेंच काम असेल, तर हा खटाटोपच करूं नये.

आतां खान्देशच्या उन्हाविषयीं. स्मृतीची प्रत्येक पेशी म्हणजे विजेचा एक सूक्ष्म सांठा. १९६६ सालीं रॉबर्ट डेनार्ड यांनीं ही युक्ति काढली. तो सांठा सारखा गळत असतो, म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हां भरावा लागतो. उष्णतेनें गळती वाढते. चिप ८५ अंशांपलीकडे तापली तर भरणी दुप्पट वेळां करावी लागते. पौषांत वीस अंशांवर असलेली खोली वैशाखांत चाळिशीला टेकली, कीं पेटीच्या आंतील उष्माही जवळ जवळ तितकाच वर सरकतो.

समजा, धुळ्याच्या एखाद्या विद्यार्थ्यानें डिसेंबरांत रात्रभर मेमटेस्ट८६ चालविलें, एकही चूक आढळली नाहीं, म्हणून ३८०० चा वेग कायम केला. मे महिन्यांत एका दुपारीं त्यानें वडिलांच्या दुकानाचे हिशेब नव्या डिस्कवर उतरविले. संगणक त्याच क्षणीं बंद पडता तर बरें होतें. तो पडला नाहीं. तीन महिन्यांनीं एक फाइल उघडेना, आणि तोंवर जुनी डिस्क पुसून झाली होती. सर्व्हरांत चुका दुरुस्त करणारी ईसीसी स्मृति असते. घरगुती यंत्रांत ती बहुधा नसते. डीडीआर५ च्या चिपमध्यें थोडी दुरुस्ती होते खरी, परंतु चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरील चूक तिला दिसत नाहीं.

तेव्हां जो वेग टिकेल त्याच्या एक पायरी खालीं मुक्काम करावा, आणि खरी चांचणी मे महिन्यांतील भर दुपारीं, पेटीचें झांकण बंद ठेवून घ्यावी. बायोसमधील सारे आंकडे कागदावर लिहून कपाटाच्या दारास आंतून चिकटवावे. यंत्र सुरू होईना, तर मदरबोर्डावरील सीमॉस पुसतांच स्मृति साध्या वेगावर परत येते. मग कागदावरून एकेक आंकडा पुन्हां भरावा, फक्त स्मृतीचा सोडून.