सबबींचं अध्यक्षपद मला नको



सकाळपासून आपल्या ख्रिस्ती लेखकांच्या मेळाव्याच्या या मंडपात नाशिकच्या शरणपूरचा गौरव चालला आहे. इथून शहराकडे निघालं की वाटेतच आहे ते. पण तिथे घडलं काय? एकोणिसाव्या शतकात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी पोरं तिथे आली; लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये संशोधक-मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत, किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर वारले. त्यांना तिथेच पुरून वेनराइट आणि त्यांचे बाकीचे सोबती घरी गेले असते तर कोणी जाब विचारला नसता. त्यांनी काळीज झाडाखाली पुरलं, देह उन्हात वाळवला आणि महिनोन्महिने वाहून समुद्रापर्यंत नेला. त्या झाडावर अक्षरं कोरली ती आपल्या शरणपूरच्या वेनराइटने.

मागून कुणी म्हणेल, ‘त्यांच्या पाठीशी मिशनचा पैसा होता.’ बरं. मग ना. वा. टिळकांनी पन्नाशी उलटल्यावर, 1917 मध्ये, मिशनचा पगार सोडला, त्याचं काय करायचं? ते कवी होते, म्हणून माफ?

आता आपल्या सातपूरच्या कारखान्यांकडे या. पॉवर प्रेसवर कंत्राटी पोराची दोन बोटं जातात. रविवारी नाव वाचलं जातं, ‘प्रार्थनेत आठवण करू,’ चहा होतो. पोराकडे ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड नाही, कारण कंत्राटदाराने नोंदच केलेली नाही. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तरी कायदा मूळ मालकाला धरतो. हे ठाऊक असलेली माणसं आपल्याच मंडळीत आहेत. हजेरीपत्रक सांभाळतात, पगारपत्रकं काढतात, सुपरवायझर आहेत. त्या पोरासोबत कोण गेलं?

विचारलं की सबबी येतात: ‘नोकरी जाईल.’ ‘आपण मूठभर, दिवस वाईट.’ ‘प्रभूची इच्छा.’ पहिली सबब मी ऐकून घेतो. घराचे हप्ते मलाही कळतात. दुसरीत अर्धं सत्य आहे. तिसरी मात्र देवाची निंदा आहे, पाळकसाहेब. प्रेसचा गार्ड काढून ठेवला तो माणसाने, उत्पादन वाढावं म्हणून. त्यात देवाला गोवू नका. येशूच्या दाखल्यातही मेजवानी चुकवणाऱ्यांची कारणं खरीच होती. एकाने शेत घेतलं होतं, दुसऱ्याने बैल, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालं होतं. खरी होती म्हणून यजमान शांत झाला नाही.

आणि आपण लेखक! नाताळ विशेषांकात गोठा, तारा, मेंढपाळ. मेंढपाळ रात्रपाळीचे कामगार होते, हे एकाही कवितेत येत नाही. कृतीशिवाय विश्वास मेलेला, असं बजावणारं याकोबाचं पत्र मात्र आपल्याला तोंडपाठ.

म्हणून मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी जमलेल्या पैशातून अर्धी रक्कम बाजूला काढावी, असा ठराव अध्यक्ष या नात्याने मी मांडतो. अपघातानंतरचा पहिला अर्ज, वकिलाची फी, कामगार कार्यालयापर्यंतचं रिक्षाभाडं यासाठी. स्मरणिका पातळ निघेल. माझा फोटो आधी काढा. सूचक मी; अनुमोदन कोण देतंय? हात वर करा, आणि ज्यांना कंपनीचे कागद वाचता येतात त्यांनी नाव-नंबर आत्ताच चिटणिसांकडे द्या.