रात्री पडलेला दात



मी दाताचा डॉक्टर नव्हे. बी.ए. झालो, कविता लिहितो. दवाखाने बंद झाल्यावर दातांचं काही उद्भवलं तर काय करावं, यावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की अशा एका रात्री मी मोठी चूक केली आणि ती माझ्या भाच्याला भोगावी लागली. ती चूक नेमकी काय होती हे नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आजचं हे टिपणही त्यांना वाचून दाखवूनच आणलं आहे.

आधी साध्या दाढदुखीचं बोलू. दिवसभर नुसती कुरकुर करणारी दाढ रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणकायला लागते, हा अनुभव बहुतेकांना असेल. त्याला कारण आहे. दाताच्या कठीण कवचाच्या आत एक मऊ गाभा असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नस असते. कीड तिथवर पोचली की तो गाभा सुजतो. गाल सुजला तर फुगतो. दाताच्या आतल्या सुजेला फुगायला जागाच नाही. त्यात आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं, आतला दाब वाढतो आणि कळ थेट मस्तकात जाते. म्हणून अशा रात्री आडवं पडू नये. दोन-तीन उशा लावून डोकं उंच ठेवावं, नाहीतर सरळ आरामखुर्चीत बसावं. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात, फटीत काही अडकलं असेल तर दोऱ्यानं काढावं. टाचणी, काडी, सेफ्टीपिन यांचं तिथं काम नाही. वेदनेवर पॅरासिटामॉलची गोळी बहुतेकांना चालते. मोठ्या माणसानं ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन घ्यावी, पुन्हा घ्यायची तर किमान चार ते सहा तासांनी, आणि दिवसभरात आठच्या वर जाऊ नये. यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आयबुप्रोफेन दाताच्या दुखण्यावर चांगलं लागू पडतं, पण पोटात अल्सर, किडनीचा त्रास, दमा असणाऱ्यांनी, गरोदर बाईनं आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असणाऱ्यांनी ते मनानं घेऊ नये.

आता आपण करतो काय ते सांगतो. ॲस्पिरिनची गोळी कुटून दाढेपाशी दाबून ठेवणारे मी पाहिले आहेत. गोळी पोटात गेल्यावर काम करते. हिरडीवर ती आम्लासारखी भाजते आणि पांढरा चट्टा पडतो. लवंगाच्या तेलात गुण आहे, त्यातलं युजेनॉल दाताचे डॉक्टरही वापरतात. पण कापसाला थेंबभर लावून तो फक्त किडलेल्या खड्ड्यात ठेवायचा असतो. मी एकदा अर्धी बाटली तोंडात ओतली होती. दाढ राहिली बाजूला, चार दिवस हिरडीच जळत होती. मशेरी आणि गुल लावून दुखणं जरा वेळ बधिर होतं, त्यातूनच व्यसन लागतं. आमच्याकडच्या किती बायांच्या मशेरीची सुरुवात एका दुखऱ्या दाढेनं झाली असेल, कोण जाणे. आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूलनं सुजलेल्या गाभ्याची कळ थांबत नाही. दात उघडून आतली घाण काढावी लागते, आणि ते काम डॉक्टरांचं.

निघालेली कॅप, पडलेलं सिमेंट, तुटलेला कोपरा, ही तर सकाळची कामं. कॅप डबीत ठेवावी आणि दवाखान्यात घेऊन जावी. माझ्या एका कविमित्रानं कविसंमेलनाच्या तासभर आधी ती चप्पल चिकटवायच्या गोंदानं बसवली. कविता बऱ्या झाल्या. दात मात्र काढावा लागला.

तर एवढं सगळं सकाळपर्यंत थांबू शकतं. जे थांबू शकत नाही ते आता सांगतो, आणि त्यात माझी चूक येते.

मे २००८ ची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यात बहिणीच्या गावी तिच्या मोठ्या मुलीचं लग्न होतं. आदल्या रात्री दहाचा सुमार. मांडवात पोरं पळापळी खेळत होती. धाकटा भाचा तेव्हा दहा वर्षांचा. पळता पळता पाण्याच्या लोखंडी टाकीच्या काठावर तोंडघशी पडला. ओठ फुटला, रक्त आलं, आणि वरचा समोरचा एक दात मुळासकट जमिनीवर. अख्खा दात, कुठं तडासुद्धा नाही. बहीण रडायला लागली. एक म्हातारी म्हणाली, कौलावर फेका, नवा येईल. दहा वर्षांच्या मुलाचा समोरचा दात कायमचा असतो, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी तो फेकू दिला नाही. मला वाटलं, आपण शहाणे. मी दात नळाखाली धरला, साबण लावला, मुळाला चिकटलेला लालसर पापुद्रा दिसला तो घाण समजून जुन्या ब्रशनं घासून काढला, दात लख्ख केला, कापसात गुंडाळला आणि काडेपेटीत ठेवला. म्हटलं, सकाळी बघू. पाहुण्यांची सोय बघायची होती, आचारी वाट बघत होता.

सकाळी निकाह लागायच्या आधी त्याला घेऊन तालुक्याला गेलो. डॉक्टरांनी काडेपेटी उघडली आणि काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मामू, हा घासला कुणी?"

तो लालसर पापुद्रा म्हणजेच दाताला हाडाशी जोडणाऱ्या तंतूंचा थर होता. त्यातल्या पेशी जिवंत असतात. त्या जिवंत आहेत तोवर दात परत बसवला तर पुन्हा धरू शकतो. दात कोरडा पडला तर तासाभरात त्या मरतात. साध्या पाण्यातही त्या फार टिकत नाहीत, फुगून फुटतात. दुधात मात्र काही तास तग धरतात, कारण दुधातलं क्षारांचं प्रमाण शरीरातल्या द्रवाच्या जवळचं असतं. आमच्या मांडवात त्या रात्री दुसऱ्या दिवशीच्या खिरीसाठी चाळीस लिटर दूध बर्फात ठेवलेलं होतं. काडेपेटीपासून वीस पावलांवर.

काय करायला हवं होतं ते नीट ऐका. पडलेला दात वरच्या, पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधात किंवा नळाखाली दहा सेकंद फिरवायचा, बस्स. घासायचं नाही, पुसायचं नाही. मग दाताची समोरची बाजू समोर ठेवून तो हळूच त्याच्या खड्ड्यात बसवायचा, स्वच्छ रुमालाची घडी दातात धरायला सांगायची आणि डॉक्टर गाठायचा. हे जागच्या जागी पहिल्या पंधरा मिनिटांत झालं तर फार उत्तम. हिंमत होत नसेल तर थंड दुधाच्या पेल्यात टाकून निघायचं. दूध नसेल तर एका वाटीत त्याच मुलाला थुंकायला लावून त्या थुंकीत दात ठेवायचा. शुद्धीवर असलेला मोठा माणूस गालात धरून नेऊ शकतो, लहान मूल गिळेल. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालून येणाऱ्या दाताला इजा होते. समोरचे कायमचे दात साधारण सहा ते आठ वर्षांच्या सुमारास येतात, त्यावरून अंदाज करावा. मूल बेशुद्ध झालं, उलट्या करू लागलं तर दात विसरा, आधी मोठ्या रुग्णालयात न्या.

भाच्याचा दात डॉक्टरांनी तरीही बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला, पुढे रूट कॅनॉल केलं. "निदान हाड टिकेल तितके दिवस," असं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. मूळ हळूहळू विरघळत गेलं. चौदाव्या वर्षी तो दात काढावा लागला. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत पक्का कृत्रिम दात बसवता येत नाही. म्हणून कॉलेज संपत येईपर्यंत त्यानं काढता-घालता येणाऱ्या दातावर दिवस काढले. त्या वर्षांतल्या एकाही फोटोत तो तोंड उघडून हसलेला नाही.

दुसरी न थांबणारी गोष्ट म्हणजे पसरणारी सूज. गालापुरती सूज असेल तर सकाळी जाता येतं. पण ती डोळ्याकडे चढू लागली, किंवा जबड्याखालून गळ्याकडे उतरू लागली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, जीभ वर ढकलल्यासारखी झाली, आवाज बदलला, ताप भरला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावं. खालच्या दाढेतला पू जिभेखाली आणि गळ्यात पसरतो आणि श्वासाची वाट बंद करतो. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली याचं वर्णन केलं, त्याच्याच नावानं हा आजार ओळखला जातो. अँटिबायोटिक नव्हती त्या काळी यातले निम्म्याहून जास्त रोगी दगावत. मधुमेह असणाऱ्यांनी तर वाटच पाहू नये. अशा वेळी दाताचा दवाखाना शोधत फिरू नका. जिथं रात्री डॉक्टर हजर असतात, श्वासाची नळी घालायची सोय असते, अशा जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात जा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. रोग्याला झोपवू नका, बसवून न्या. आणि सुजेवर तव्याचा शेक देऊ नका. बर्फ फडक्यात गुंडाळून बाहेरून लावा.

दात काढल्यावर रात्री रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाची घट्ट, ओलसर घडी त्या जागेवर ठेवून दातांनी दाबायची, घड्याळ लावून अर्धा तास. मधे मधे उघडून बघायचं नाही, थुंकायचं नाही, चुळा नाहीत. तरीही वाहत राहिलं तर रुग्णालय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि एक. पन्नाशीच्या पुढच्यांनी हे लक्षात ठेवावं. चालताना, जिना चढताना खालचा जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो, सोबत घाम, छातीत दडपण, असं असेल तर ते दाताचं नसून हृदयाचं असू शकतं. तिथं लवंगाचं तेल शोधण्यात वेळ घालवू नये.

आता राहिला प्रश्न डॉक्टर शोधण्याचा. आपल्याकडे दाताचे डॉक्टर बहुधा एकटेच दवाखाना चालवतात. रात्री नऊला शटर खाली, रविवार बंद, ईद-दिवाळीला गावी. पण बरेच जण त्याच इमारतीत किंवा जवळच राहतात आणि फोनवर का होईना सल्ला देतात. म्हणून पुढच्या वेळी दिवसाउजेडी दाढ दाखवायला जाल, तेव्हा निघताना विचारून ठेवा, रात्री अडलं तर कुठल्या नंबरावर फोन करू आणि तुम्ही नसाल तर कुणाकडे जाऊ. मी विचारून ठेवलं आहे. दोन्ही नंबर आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवले आहेत, कारण दूध आत असतं.

भाच्याला आता पक्का दात बसवला आहे. या भाषणाची वेळ त्याला कळवली आहे. म्हणाला, "मामू, काडेपेटीचं सांगणार असाल तर ऐकतो."