माहितीपटाचं परीक्षण करताना

कथापट पाहून आलेल्या माणसाला 'कसा होता?' असं विचारलं, की तो नटांबद्दल बोलतो, गाण्यांबद्दल बोलतो, शेवट पटला की नाही ते सांगतो. माहितीपट पाहून आलेल्याला तोच प्रश्न विचारा. उत्तर येतं, 'पाणीटंचाईवर होता', 'हातमागावर होता'. महोत्सवांतल्या माहितीपटांची परीक्षणंही पुष्कळदा याच वळणावर जातात. विषय गंभीर, म्हणून चित्रपट चांगला. पडद्यावरचं दुःख खरं असलं, की चित्रपटाला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. ही भीड परीक्षकानं सोडली पाहिजे, असं मला वाटतं. गुण द्यायचे ते चित्रपटाला. विषय बिचारा आपल्या जागी मोठाच असतो.

एके काळी माहितीपट आपल्यासमोर न बोलावता यायचा. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ची. तिचे माहितीपट चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवणं सक्तीचं होतं, आणि तेवढ्या वेळात बाहेर चहा पिऊन येणारेही होते. आता माहितीपट आपण होऊन पाहायला जावं लागतं. मुंबईत १९९० साली सुरू झालेला, सुवर्णशंखाचं पारितोषिक देणारा आंतरराष्ट्रीय महोत्सव त्यासाठी मोठी सोय आहे. पण महोत्सवात दिवसाला चार-पाच चित्रपट पाहिले जातात. संध्याकाळच्या चित्रपटाच्या वाट्याला दमलेले डोळे येतात. अशा वेळी माहितीपुस्तिकेतला परिच्छेद हाताशी असतो, आणि तोच थोड्या फरकानं परीक्षणात उतरतो. तो परिच्छेद सहसा चित्रपटकर्त्यांकडूनच आलेला असतो, हे विसरू नये. अंधारात वहीत टिपायचंच असेल, तर मत टिपू नये. दृश्य टिपावं, आवाज टिपावा. मत रात्री घरी जाऊनही बनवता येतं.

उदाहरण घेऊ. शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स'ला २०२२ साली सनडान्सला सर्वोच्च ज्यूरी पारितोषिक मिळालं आणि कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचा मान मिळाला. दिल्लीतल्या एका तळघरात दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात, त्यांचा हा चित्रपट. 'प्रदूषणावरचा माहितीपट' असं लिहिलं, की परीक्षण तिथेच संपतं. चित्रपट सुरू होतो तो रात्री, जमिनीलगत. उंदीर कचऱ्यातून धावताहेत, मागे शहराचे दिवे आहेत आणि कॅमेरा संथपणे सरकतो आहे. निवेदक नाही, आकडेवारी नाही. शहरातली धार्मिक तेढ घरातल्या बोलण्यातून आणि बाहेरच्या आवाजांतून आत झिरपते. माणूस हा इथल्या अनेक जिवांपैकी एक, हे वाक्य कुणीच म्हणत नाही. ते कॅमेऱ्याच्या उंचीतून आणि त्याच्या धीरातून कळतं. परीक्षकानं हे सांगावं. आणि पुढचा प्रश्नही विचारावा, की इतक्या देखण्या प्रकाशात ते काळवंडलेलं शहर जरा जास्तच सुंदर दिसत नाही ना?

आता याच्या अगदी उलट्या टोकाचा चित्रपट पाहू. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांनी घोगरे यांचं गाणं आपल्या 'हमारा शहर'मध्ये आधीच चित्रित केलेलं होतं. म्हणजे हा कॅमेरा रमाबाई नगराच्या शोकात परका म्हणून शिरला नव्हता. चौदा वर्षांनी, २०११ साली, 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. लांबी तीन तासांहून जास्त. यात दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून उघड प्रश्न विचारतो, बाजू घेतो. 'तटस्थ नाही' अशी तक्रार इथे लागू पडत नाही, कारण आपण कुठे उभे आहोत हे त्यानं लपवलेलंच नाही. लांबीबद्दल मात्र जरूर बोलावं. मला ती लांबी पटते. शाहिरांची गाणी एकेका कडव्यावर कापली असती, तर ती निव्वळ सजावट झाली असती; पुरी ऐकू येतात म्हणून ती युक्तिवाद होतात. हा चित्रपट महोत्सवांबरोबर चाळींतून, वस्त्यांतूनही दाखवला गेला. वातानुकूलित सभागृहात पाहणाऱ्या परीक्षकानं तेवढं भान ठेवलं, तर बरं.

या दोन चित्रपटांना एकच फूटपट्टी लावता येत नाही. पण काही प्रश्न दोघांनाही विचारता येतात. कॅमेरा तिथे किती काळ राहिला? त्याला आत कुणी घेतलं? पडद्यावरचा माणूस प्रेक्षकांत येऊन बसला, तर त्याला आपलं चित्र ओळखीचं वाटेल का? रडू माणसाच्या बोलण्यानं येतं की पार्श्वसंगीतानं? शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा २०१६चा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' आठवा. महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबूतल्या सिनेमाचा तो माहितीपट. गेलेल्या दिवसांचा उमाळा आणणं अशा विषयात फार सोपं असतं. पण रिळं जाऊन डिजिटल प्रोजेक्टर येण्याचा काळ तिथे कॅमेऱ्यासमोरच घडतो. त्यासाठी वर्षानुवर्षं त्या तंबूंच्या मागे फिरावं लागतं. चित्रपटानंतरच्या प्रश्नोत्तरांत विषयावर भाषण ठोकण्यापेक्षा हे फिरणं कसं जमलं, ते विचारावं.

आणखी एक गोष्ट. महोत्सवात काय दाखवलं, याबरोबर काय दाखवलं नाही, तेही पाहावं. २००४च्या मुंबई महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र मागितलं गेलं. परदेशी चित्रपटांना ती अट नव्हती. चित्रपटकर्त्यांनी विरोध केला, अट मागे घेतली गेली. पण नंतर कित्येक बोचरे चित्रपट निवडीतच गळले. तेव्हा चित्रपटकर्त्यांनी त्याच दिवसांत मुंबईतच 'विकल्प' नावानं आपला वेगळा महोत्सव भरवला. त्या वर्षी फक्त मुख्य महोत्सवाचं परीक्षण लिहिणाऱ्यानं अर्धंच लिहिलं, असं म्हणावं लागेल.

आपल्याकडे या कामाची सुरुवात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित करून केली. ती फीत आज नाही. लेखी नोंदींमुळे कुस्ती होती एवढं कळतं. कॅमेरा कुठे लावला होता, गर्दी दिसत होती का, पाहणारे काय म्हणाले, हे कळत नाही. आजचे माहितीपटही महोत्सवात एकदोनदा दाखवले जातात, आणि त्यातले बरेच चित्रपटगृहापर्यंत पोचत नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे कुणाला काही कळायचं असेल, तर ते परीक्षणातूनच कळेल. म्हणून संपादकांना माझी विनंती आहे, की महोत्सवाच्या आठवड्यात उद्घाटनाच्या छायाचित्राला देता, त्यातली थोडी जागा एखाद्या माहितीपटाच्या नीट परीक्षणाला द्या. आणि परीक्षकानं त्या जागेत निदान एक दृश्य तरी असं लिहावं, की चित्रपट न पाहिलेल्याच्या डोळ्यांपुढे ते उभं राहील.